जमिनीवर उभे राहून उडणे

ज्या उड्डाणात उडवणाऱ्याचा जीव पणाला लागत नाही, त्याला धाडस म्हणावे का? रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल जेट विमानांच्या कसरती पाहताना हा प्रश्न आपल्याला छळतो. उडवणारा गवतावर उभा असतो, गळ्यात पट्ट्याने अडकवलेला ट्रान्समीटर, दोन दांड्यांवर बोटे. वर माणसाहून लांब विमान गिरक्या घेते, उलटे होते, सरळ आभाळात घुसते. चुकले तर विमान जाईल. माणूस संध्याकाळी घरी जाऊन जेवेल.

पूर्वीच्यांचा हिशेब वेगळा होता. नवव्या शतकात कॉर्डोव्हाच्या अब्बास इब्न फिर्नासने अंगाला पिसे लावून झेप घेतली आणि उतरताना पाठ दुखावून घेतली, असे पुढे सतराव्या शतकात अल-मक्करीने लिहून ठेवले. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतात, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते म्हणे! 1913 मध्ये कीव्ह येथे प्योत्र नेस्तेरोव्हने विमान हवेत उभ्या वर्तुळात पूर्ण फिरवले, तर सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून त्याला अटकेची शिक्षा झाली. जीव त्याचा, काळजी विमानाची! लवकरच फ्रान्समध्ये पेगूने तीच कसरत करून वाहवा मिळवली, तेव्हा कुठे नेस्तेरोव्हला बढती मिळाली.

मॉडेलवाल्याच्या वाट्याला यातले काहीच नाही. तरी तो या खेळात लाखो रुपये ओततो. फुजूलखर्ची म्हणून आपण मोकळे होऊ शकतो, आणि ती टीका अगदीच खोटी नाही. पण या शौकाचे मूळ श्रीमंतीत नाही. 1980 च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या कुर्ट श्रेक्लिंगने घरच्या हत्यारांनी जमेल असे छोटे टर्बाइन तयार केले. त्यातले हवा दाबणारे चाक चक्क प्लायवुडचे होते, त्याला कार्बन धाग्याची मजबुती. आज विकत मिळणारी इंजिने रॉकेलच्या जातीच्या इंधनावर चालतात आणि त्यांचे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेते.

एवढ्या वेगाच्या वस्तूला आज्ञा मात्र उशिरा पोचते. थ्रॉटल पुढे केला की लगेच जोर येत नाही. चाक गती घेईपर्यंत काही क्षण जातात. म्हणजे पुढच्या वळणाला लागणारी ताकद आधीच मागून ठेवायची. त्याहून अवघड गोष्ट दिशांची. विमान आपल्याकडे तोंड करून येऊ लागले की उजवे-डावे उलटते. दांडी उजवीकडे दाबावी, तर डोळ्यांना विमान डावीकडे झुकताना दिसते. नवखा इथेच गडबडतो. जाणकार आपली जागा सोडून मनाने विमानात जाऊन बसतो, तिथून डावे-उजवे ठरवतो. आठ-दहा मिनिटे इंधन पुरते. तेवढा वेळ तो स्वतःच्या शरीरात जवळपास नसतोच. या खेळाची ओढ आम्हाला इथे दिसते. स्वतःच्या जागेवरून उठून दुसऱ्या जागेवरून जग पाहणे एरवी आपल्याला किती जमते?

आणि 'जीव पणाला लागत नाही' हेही अर्धेच खरे. दहा-पंधरा किलोचे, पोटात इंधन भरलेले विमान ताशी दोन-तीनशे किलोमीटरने जाते, तेव्हा जीव पणाला लागतो तो भोवतालच्यांचा. म्हणून ते प्रेक्षकांच्या डोक्यावरून न्यायचे नाही, आणि रेडिओचा संपर्क तुटला तर इंजिन आपोआप बंद पडेल अशी सोय ठेवायची, असा दंडक. जुन्या काळी, 2.4 गिगाहर्ट्झचे रेडिओ येण्यापूर्वी, क्लबच्या मैदानावर एक फळा असे, त्यावर प्रत्येक चॅनेलसाठी चिमटा. आपल्या चॅनेलचा चिमटा हाती आल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही. कारण त्याच चॅनेलवर दुसऱ्याचे विमान आकाशात असेल, तर आपल्या एका खटक्याने ते कोसळे. लाकडी चिमट्यावर इतका भरवसा! आमच्या मते या खेळातली नैतिकता धाडसापेक्षा त्या फळ्यावर जास्त होती.

याच हुनराची दुसरी वाटही आहे. हॉलिवूडचा नट रेजिनाल्ड डेनी याने मॉडेल विमानांचे दुकान काढले. पुढे त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात तोफखान्याच्या सरावासाठी हजारो वैमानिकरहित विमाने पुरवली. नंतरच्या काळात नेवाडातील क्रीच तळावर खुर्चीत बसून अफगाणिस्तानवर ड्रोन चालवले गेले. तिथेही चालवणारा संध्याकाळी घरी जाऊन जेवत असे. हातांचे कसब दोन्हीकडे मिळतेजुळते, म्हणून शौकिनाला त्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे होईल. तो जे गमावतो ते त्याचे स्वतःचे असते, आणि ज्यांना इजा होऊ शकते ती माणसे त्याच्या शेजारी उभी असतात, कित्येकदा त्याचीच मुले. पडद्यावर मात्र खालचे गाव करड्या ठिपक्यांचे होते.

आपल्याकडे 2021 च्या ड्रोन नियमांत मॉडेल विमानाला वेगळी जागा दिली आहे. वजन 25 किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी, आणि उडवायचे ते नजरेच्या टप्प्यात. यातली शेवटची अट कारकुनी वाटते खरी. पण ती नुसती कागदावरची आहे असे आम्हाला वाटत नाही.