भाव तुमचा, भाऊ आमचा

देवळीला वडिलांच्या वर्षश्राद्धाला गुरुजींनी संकल्पात गोत्र चुकवलं. भारद्वाज म्हणायचं ते काश्यप म्हणाले. गोत्र ठाऊक नसलं की काश्यप म्हणायची रीत आहे, तीच जिभेवर आली असावी. ओसरीतून आत्याबाई कडाडल्या, "गोत्र चुकलं नं गुरुजी! पाणी पुन्हा सोडा." गुरुजी म्हणाले, भाव महत्त्वाचा. त्यावर आत्याबाई म्हणाल्या, "भाव तुमचा, भाऊ आमचा." मी ताम्हनात पळीभर पाणी पुन्हा सोडलं.

विधी झाला, पण लागू झाला का? या शंकेपायी कॅथलिक जगात सोळाशे वर्षांहून अधिक काळ भांडणं चालली आहेत, आणि परंपरावादी मंडळींत ती आजही मिटलेली नाहीत.

सुरुवात उत्तर आफ्रिकेतली. रोमन सम्राट डायोक्लेशनने मांडलेल्या ख्रिस्त्यांच्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ शिपायांच्या हवाली केले. छळ सरल्यावर कार्थेजला सेसिलियन बिशप झाला, आणि कुणीतरी उकरून काढलं की त्याला दीक्षा देणाऱ्यांतल्या फेलिक्सने ग्रंथ दिले होते. त्याचा हात बाटलेला, म्हणून दीक्षाही पोकळ. चौकशीत फेलिक्स निर्दोष सुटला, तरी फूट शंभर वर्षांहून अधिक टिकली. डोनाटस या पुढाऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा तो पंथ म्हणे, गुरू शुद्ध तरच संस्कार शुद्ध. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने उलट उत्तर दिलं: संस्कार देणारा ख्रिस्त, माणूस नुसता पाट; पाट दगडाचा असला म्हणून पाणी बाटत नाही.

मला हे उत्तर तत्त्वज्ञानापेक्षा दयेचं वाटतं. लेकराला बाप्तिस्मा द्यायला आलेल्या बाईने फादरचं चारित्र्य कुठे तपासत बसायचं? तिची त्या काळजीतून सुटका झाली. पण तिच्यासाठी उघडलेल्या दारातून पुढे बंडखोरही आत आले. धर्मगुरूच्या पापाने दीक्षा पुसली जात नसेल, तर वरिष्ठांची आज्ञा मोडल्यानेही ती पुसली जाऊ नये. मग 'अनधिकृत, पण वैध' असा एक विलक्षण वर्ग तयार झाला.

त्या वर्गातलं एक मोठं प्रकरण आपल्या शेजारचं, गोव्याचं आहे. वेर्णा गावचे फादर आंतोनियु फ्रांसिस्कु झेवियर आल्वारिस हे पोर्तुगीज राजाच्या धार्मिक हक्काचे, म्हणजे पाद्रोआदोचे, कडवे पाठीराखे होते. 1886 साली पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार होऊन सिलोनमधली गोवेकरांची चर्चं रोमच्या थेट अमलाखाली जाऊ लागली, तेव्हा ते बिथरले. रोमशी भांडण, पण बिशप तर हवा, आणि तोही अस्सल. त्यांनी केरळ गाठलं. 1889 मध्ये सिरियन ऑर्थोडॉक्स बिशपांनी हस्तारोपण करून त्यांना मार ज्युलियस केलं. 29 मे 1892 ला कोलंबोत त्यांनी रेने विलात या अमेरिकेतून आलेल्या फ्रेंच माणसाला बिशप केलं, आणि विलातने पुढे आणखी काहींना. त्यातून युरोप-अमेरिकेत शेकडो 'बिशप' निपजले. कुणाला मंडळी नव्हती, कुणाला चर्चही नव्हतं. पण प्रत्येकाजवळ कोलंबोमार्गे सिरियन चर्चच्या अंत्युखियाच्या गादीला पोचणारी वंशावळ मात्र होती. मार ज्युलियस स्वतः पणजीत गोरगरिबांची, पटकीच्या रोग्यांची सेवा करत राहिले आणि 1923 मध्ये रायबंदरला वारले. त्यांच्या या सेवेवर कुणी कधी वाद घातला नाही.

ऑगस्टीनने दारातून हाकललेली शंका तोवर खिडकीतून परतली होती. माणूस कसाही चालेल म्हणता? ठीक, पण शब्द बरोबर होते का? आणि देणाऱ्याचा हेतू, आपल्या भाषेत संकल्प? 1896 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी याच दोन कसोट्यांवर अँग्लिकन दीक्षा शून्य ठरवल्या. म्हणजे वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी गोंडांकडे जायला सुचवलं तो अँग्लिकन पाद्री व्हेरिअर एल्विन रोमच्या लेखी कधी धर्मगुरू झालाच नव्हता. आणि ज्यांच्या लेखी झाला होता, त्या नागपूरच्या अँग्लिकन बिशपांनी राजनिष्ठेच्या शपथेवाचून परवाना नाकारला.

1947 मध्ये बारावे पायस यांनी दीक्षेत नेमके कोणते शब्द अत्यावश्यक, हे ठरवून दिलं. शंका संपायला हवी होती. झालं उलटंच: मोजपट्टी हाती आली. 1968 मध्ये सहावे पॉल यांनी विधी बदलताच कडव्या परंपरावाद्यांनी ती लावली आणि म्हणाले, बिशपपदाचा उल्लेख पुरेसा स्पष्ट नाही, तेव्हा नवे बिशप बिशपच नव्हेत. जुन्या विधीचे खंदे समर्थक आर्चबिशप मार्सेल लफेव्र यांनी 30 जून 1988 ला एकोन इथे पोपची आज्ञा मोडून चार बिशप केले. रोमने बहिष्कार घातला, पण दीक्षा खोटी म्हटली नाही. खोटी म्हणणारे निघाले ते लफेव्रपेक्षाही कडवे: लफेव्रना दीक्षा देणारे कार्डिनल लिएनार गुप्तपणे, कॅथलिकांना निषिद्ध असलेल्या फ्रीमेसन संघटनेत होते, म्हणून सगळीच साखळी तुटकी! त्यावर उत्तर असं की बिशपदीक्षेला लिएनारसोबत आणखी दोन बिशप होते, एक हात निकामी धरला तरी दोन उरतात. म्हणजे गाडी पुन्हा फेलिक्सच्या हाताशीच आली. आजही नव्या विधीतून आलेल्या काही फादरांना अशा गटांत 'सशर्त', म्हणजे पहिली लागू झाली नसेल तर, दीक्षा पुन्हा देतात. आमच्या ताम्हनातलं दुसरं पाणी तरी याहून काय वेगळं होतं?

आपण हसायचं कारण नाही. शिवाजी महाराजांना 1674 सालच्या जूनमध्ये गागाभट्टांनी वैदिक राज्याभिषेक केला, आणि त्यात दोष काढून सप्टेंबरात निश्चलपुरी गोसाव्याने दुसरा, तांत्रिक केला.

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. सेवाग्राम आश्रमात परचुरे कुटी आहे. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री महारोग घेऊन 1939 मध्ये तिथे आले. गांधीजी स्वतः त्यांना मालिश करत. श्राद्धाला कोणाला बसवू नये याच्या मनुस्मृतीतल्या यादीत कोड फुटलेलाही आहे. महारोग्याला मंगलकार्यात उभं कोण करणार? आश्रमात याच शास्त्र्यांनी लग्न लावलं.

हे मी आत्याबाईंना सांगितलं. त्या वाती वळत होत्या. "मंत्र येत होते नं त्यांना?"

"चांगले येत होते."

"मंग लागलं नं लग्न," म्हणाल्या, आणि पुढची वात घेतली.