पायरी चढण्याआधी: परधर्मीयांची श्रद्धास्थाने आणि आपण





मस्कतचा उन्हाळा सरला की आपल्याकडे फिरण्याचे दिवस सुरू होतात. भारतातून आई-वडील येतात, मुलांना सुट्टी लागते, कोणी सलालाहचा बेत आखतो. पाहण्याच्या यादीत सुलतान काबूस ग्रँड मशीद असते, जुन्या मस्कतमधले शिवमंदिर असते, दारसेतचे कृष्णमंदिर असते, सलालाहजवळच्या डोंगरावरची नबी अयूब यांची कबर असते. आणि मग घरात हमखास प्रश्न निघतो: आपण बौद्ध आहोत, बावीस प्रतिज्ञा घेतलेले आहोत, मग तिथे जायचे का? गेलो तर तिथे काय करायचे?

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्यात ऐकू येतात. पहिले म्हणजे, "त्या पायरीवर पायच ठेवायचा नाही." दुसरे, "देव सगळे सारखेच. हात जोडले तर काय बिघडते?" ही दोन्ही उत्तरे मला घाईची वाटतात. पहिल्यात पाहणे आणि पुजणे यांतला फरक हरवतो. दुसऱ्यात हात जोडण्याला काही अर्थ असतो हेच आपण विसरतो.

प्रतिज्ञा काय सांगतात?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या प्रतिज्ञा पुन्हा एकदा शांतपणे वाचा. सुरुवातीच्या प्रतिज्ञा ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानू नये, त्यांची उपासना करू नये, असे सांगतात. पुढे अवतारकल्पना, श्राद्ध, पिंडदान आणि ब्राह्मणाच्या हातून करायचे विधी नाकारले आहेत. मनाई आहे ती मानण्याला आणि उपासनेला. एखादी इमारत पाहणे, तिचा इतिहास समजून घेणे, तिथे येणाऱ्या माणसांशी बोलणे याला मनाई नाही.

आमच्या संगणकाच्या कामात फाइल वाचण्याची परवानगी आणि ती बदलण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असतात. वाचल्याने फाइल बदलत नाही. देऊळही असे वाचता येते.

पण याच प्रतिज्ञांमध्ये आणखी एक आहे, जी या प्रश्नात आपल्याला आठवत नाही: मी खोटे बोलणार नाही. खोटे फक्त जिभेनेच बोलले जाते का? ज्या मूर्तीवर आपला विश्वास नाही तिच्यापुढे डोळे मिटून हात जोडणे हे शरीराने बोललेले खोटे आहे. त्यात आपल्याशी अप्रामाणिकपणा आहेच, शिवाय शेजारी खऱ्या श्रद्धेने उभ्या असलेल्या माणसाशीही आहे. म्हणून "हात जोडले तर काय बिघडते" या प्रश्नाचे उत्तर असे की आपला शब्द बिघडतो.

हक्क वेगळा, गरज वेगळी

येथे काळाराम मंदिराचा सत्याग्रह आठवावा लागतो. २ मार्च १९३० रोजी नाशिकला तो सुरू झाला आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी तो काही वर्षे नेटाने चालवला. त्याआधी अमरावतीच्या अंबादेवीसाठी आणि पुण्याच्या पर्वतीसाठीही आपली माणसे उभी राहिली होती. "देवळात जायचे नव्हते तर मग सत्याग्रह कशाला केला?" असे आजही कोणी विचारते. बाबासाहेबांनी १९३४ साली दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात याचे उत्तर दिले आहे. आपली माणसे मूर्तिपूजक व्हावीत म्हणून हा लढा उभारलेला नव्हता. दडपलेल्या समाजाला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्याच्यात चेतना यावी, म्हणून तो मार्ग त्यांना योग्य वाटला होता. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा झाली.

आत जाण्याचा हक्क हा माणूस म्हणून आहे. आत जाऊन पूजा करण्याची गरज मात्र आपण विचारपूर्वक सोडली आहे. ज्याला हक्कच नव्हता त्याचे बाहेर राहणे ही सक्ती होती. हक्क असूनही जो नमस्कार करत नाही, त्याचा तो निर्णय असतो. आपल्या आजोबांना हा निर्णय करण्याची संधी कोणी दिली नाही, आपल्याला ती आहे.

वैशालीची चैत्ये

तथागत स्वतः या बाबतीत कसे वागले? महापरिनिब्बान सुत्तात ते आनंदाला वैशाली किती रमणीय आहे ते सांगतात आणि उदेन, गोतमक, सत्तंब, बहुपुत्त, सारंदद, चापाल या चैत्यांची नावे घेऊन तीही रमणीय आहेत असे म्हणतात. ही मुळात तिथल्या लोकांची, यक्षांची जुनी स्थाने होती. बुद्ध तिथे थांबले, त्यांनी त्यांचे सौंदर्य पाहिले आणि ते मोकळेपणाने बोलून दाखवले. वज्जींची अवनती का होत नाही याची जी सात कारणे त्याच सुत्तात येतात, त्यांत ते आपल्या चैत्यांचा मान राखतात हेही एक आहे.

म्हणजे दुसऱ्या उत्तराची मंडळी बरोबर ठरली का? नाही. कारण याच सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की स्वतःच स्वतःचा आधार व्हा, धम्माला शरण जा, दुसऱ्या कशालाही शरण जाऊ नका. दुसऱ्याचे स्थान रमणीय म्हणणे आणि शरण फक्त धम्माला जाणे, या दोन गोष्टी एकाच सुत्तात, एकाच मुखातून येतात. त्यांच्यात विरोध आहे असे तथागतांना वाटले नाही.

उपाली गृहपतीची गोष्टही अशीच. तो निगंठांचा मोठा उपासक होता. तो बुद्धांचा उपासक झाला तेव्हा बुद्धांनी त्याला सांगितले की निगंठांना तुझ्या घरून मिळणारे अन्नदान बंद करू नकोस. उपालीची श्रद्धा बदलली, पण दारी येणाऱ्याशी असलेली माणुसकी तोडण्याचे कारण नव्हते.

सोपाऱ्याचा शिलालेख

आता आपल्या किनाऱ्यावर या. मुंबईजवळच्या नालासोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. आज तो मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. या आठव्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रांना जात. तिथे शिकार आणि करमणूक चाले. अशोक राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. धम्मयात्रेत काय करायचे तेही लेखात आहे: श्रमणांना आणि ब्राह्मणांना भेटणे, त्यांना दान देणे, वृद्धांना भेटून मदत करणे, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणे, धम्माविषयी बोलणे आणि प्रश्न विचारणे. बाराव्या लेखात तो म्हणतो की स्वतःच्या पंथाची अकारण स्तुती आणि दुसऱ्याच्या पंथाची अकारण निंदा करू नये, एकमेकांचा धर्म ऐकून घ्यावा.

आपली शुक्रवारची सहल विहारयात्रा असते की धम्मयात्रा? फोटो काढले, बिर्याणी खाल्ली, घरी आलो, यात गैर काही नाही. पण त्याच फेरीत कोणाला काही विचारले, मुलांना काही समजावले, तर ती धम्मयात्रा होऊ शकते.

ओमानमध्ये डोळे उघडे ठेवून

सोपारा आणि ओमान यांचे नाते जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात सोपारा आणि कल्याण यांची नावे येतात, तसेच अरबस्तानच्या किनाऱ्यावरच्या मोस्खा बंदराचेही. भरूचकडची जहाजे तिथे हिवाळा काढत आणि कापड, गहू, तिळाचे तेल देऊन ऊद घेत. सलालाहच्या पूर्वेला खोर रोरी येथील सुमहुरम हे अवशेषांचे गाव म्हणजेच ते बंदर, असे अभ्यासक मानतात. २००० सालापासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे.

सुमहुरमला जाल तेव्हा तिथल्या मंदिराचे दगड जरूर पाहा. हद्रमौतच्या लोकांनी त्यांच्या सिन या देवतेसाठी ते बांधले होते. शतकानुशतके तिथे पूजा झाली असेल, नवस बोलले गेले असतील. आज त्या देवाचा एकही पूजक उरलेला नाही. अनित्यतेवरचे असे प्रवचन कुठल्या ग्रंथात सापडणार? विसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या उत्खननात भारतीय घडणीची एका स्त्रीची छोटी, भंगलेली कांस्यमूर्तीही मिळाली. सांचीच्या तोरणावरच्या शालभंजिकेशी तिचे नाते सांगतात. कोणी खलाशी, कोणी व्यापारी ती घेऊन समुद्र ओलांडून आला असेल. आपण या वाटेने येणारे पहिले नाही.

ग्रँड मशीद २००१ साली खुली झाली. तिच्या बांधकामात भारतातून आणलेला वालुकाश्म वापरला आहे, आणि आतला प्रचंड गालिचा इराणी स्त्रियांनी काही वर्षे खपून विणला. आत मूर्ती नाही, गाभारा नाही. सगळे एका ओळीत उभे राहतात. ओळीत जात विचारली जात नाही, हे आपल्या लक्षात आल्याशिवाय राहत नाही. त्याच वेळी स्त्रियांचे सभागृह वेगळे आणि लहान आहे, हेही पाहावे. भारतातल्या मुस्लिम समाजात जातीचे आणि स्त्रियांच्या बंधनांचे काय होते, हे बाबासाहेबांनी 'पाकिस्तान'वरच्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे. तत्त्व काय आणि व्यवहार काय, हे दोन्ही पाहायची सवय आपण स्वतःच्या समाजाबाबतही ठेवावी.

जुन्या मस्कतमधले मोतीश्वर महादेवाचे देऊळ राजवाड्याजवळच आहे. कच्छकडून आलेल्या व्यापाऱ्यांशी त्याचा इतिहास जोडलेला आहे. मुस्लिम राजवटीत, परमुलुखात, संख्येने थोड्या असलेल्या लोकांना आपल्या श्रद्धेसाठी जागा मिळाली. अल्पसंख्य म्हणजे काय हे ज्याला कळते, त्याला या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

गावी गेलात की हीच नजर घेऊन कार्ल्याला आणि जुन्नरजवळ लेण्याद्रीला जा. कार्ल्यात महाचैत्याच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. लेण्याद्रीचा गणपती ज्या गुहेत आहे ती मुळात भिक्खूंचा विहार आहे. "देवळात पायच ठेवायचा नाही" असे म्हटले, तर आपल्याच पूर्वजांचा विहार आपण वाचायचा तरी कसा?

रेषा कुठे?

पादत्राणे काढणे, डोके झाकणे, आवाज खाली ठेवणे हा यजमानाच्या घरचा शिष्टाचार आहे. तो पाळावा. आरतीचे तबक, टिळा, नवस, घंटा आणि साष्टांग ही उपासना आहे. ती करू नये. जपानला कामासाठी जाणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच लागू पडते. शिंतो देवस्थानात तोरीच्या कमानीखालून जाणे, पाण्याने हात धुणे हा शिष्टाचार म्हणता येईल. दोनदा वाकणे, दोनदा टाळी, पुन्हा वाकणे ही प्रार्थना आहे. त्या देशात कामी आणि बुद्ध शेकडो वर्षे एकाच आवारात नांदले. १८६८ मध्ये सरकारने त्यांना हुकुमाने वेगळे केले आणि त्या लाटेत कितीतरी बुद्धमूर्ती आणि विहार नष्ट झाले. रेषा जरूर हवी, पण ती ज्याने त्याने आपल्या वागण्यात आखावी.

आणि प्रसाद? आपल्यातल्या एका ज्येष्ठ ताईंचे उत्तर मला आवडते. शेजारणीला त्या म्हणतात, "प्रसाद म्हणून नको हो, पण तुमच्या हातचा लाडू म्हणून दोन खाईन." शेजारीण हसते आणि डबा पुढे करते.

भीतीने जोडलेले हात

आता खरी अवघड गोष्ट. परदेशात मराठी मंडळींचा गणेशोत्सव असतो. आपल्यालाही आमंत्रण येते. "गाव कुठले? आडनाव काय?" हे प्रश्न समुद्र ओलांडूनही सुटत नाहीत. अशा वेळी कितीतरी जण आरतीला टाळ्या वाजवत उभे राहतात. श्रद्धा असते म्हणून नाही. बाजूला उभे राहिलो तर ओळखले जाऊ, उद्या ऑफिसात कुजबुज होईल, मुलांना खेळायला बोलावणार नाहीत, म्हणून. या माणसांना मी दोष देत नाही. ही भीती त्यांनी स्वतः निर्माण केलेली नाही, ती आपल्यावर लादलेली आहे.

पण बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. आपण मशिदीत किंवा देवळात का गेलो, यावर सगळे अवलंबून आहे. कुतूहलाने आत गेलेला आणि ताठ उभा राहून पाहणारा बौद्ध प्रतिज्ञा मोडत नाही. भीतीने वाकलेला माणूस मात्र तीच गोष्ट पुन्हा हरवून बसतो, जिच्यासाठी नागपुरात लाखो लोक जमले होते. आणि द्वेषाने बाहेर थांबलेलाही अजून मोकळा झालेला नाही, कारण ते देऊळ त्याच्या मनात अजून तेवढेच मोठे आहे.

म्हणून पुढच्या वेळी आमंत्रण आले तर जा. पंगतीत वाढा, मुलांच्या नाटकाला टाळ्या वाजवा. आरतीच्या वेळी शांतपणे बाजूला उभे राहा. कोणी विचारले तर एवढेच सांगा, "आम्ही बौद्ध आहोत." आवाज चढवायची गरज नाही, खाली घालायचीही नाही. शेजारी तुमचा मुलगा किंवा मुलगी उभी असेल. ते वाक्य तुम्ही कोणत्या आवाजात बोललात, हे त्यांच्या कायम लक्षात राहील.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!