चौथ्या पुलाच्या पायऱ्या

११ सप्टेंबर २००८ च्या रात्री व्हेनिसच्या महापालिकेने ग्रँड कॅनॉलवरचा नवा पादचारी पूल गुपचूप खुला केला. फीत कापली गेली नाही, भाषणं झाली नाहीत. ठरलेला समारंभ आधीच रद्द झाला होता, कारण अपंगांच्या संघटना आणि इतर विरोधक निदर्शनांच्या तयारीत होते. सत्तरहून अधिक वर्षांनी या कालव्यावर बांधलेला हा पहिला नवा पूल. डिझाइन सान्तियागो कालात्रावा या जगभर गाजलेल्या स्पॅनिश वास्तुविशारदाचं. आणि लोकार्पण मात्र असं, चोरपावलांनी.

इटलीची राज्यघटना १९४८ साली अमलात आली. तिच्या साठाव्या वर्षानिमित्त पुलाला ‘पोन्ते देल्ला कोस्तितुत्सिओने’, म्हणजे संविधान पूल, असं नाव देण्यात आलं. त्या घटनेचं तिसरं कलम सांगतं की नागरिकांच्या स्वातंत्र्याच्या आणि समानतेच्या आड येणारे सामाजिक व आर्थिक अडथळे दूर करणं हे प्रजासत्ताकाचं कर्तव्य आहे. या नावाचा पूल चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला ओलांडता येत नव्हता. विरोधकांना घोषणा शोधायला फार लांब जावं लागलं नसेल.

पुलाची गरज खोटी नव्हती, हे आधी मान्य करायला हवं. मोटारी आणि बसगाड्या व्हेनिसमध्ये पियात्साले रोमा या चौकापर्यंतच येतात. पुढे पाय किंवा होडी. रेल्वे स्थानक समोरच, पण कालव्याच्या पलीकडच्या काठावर. त्या काळापर्यंत ग्रँड कॅनॉलवर तीनच पूल होते: १५९१ साली पूर्ण झालेला दगडी रिआल्तो, आणि १९३० च्या दशकात आधीचे लोखंडी पूल काढून त्या जागी बांधलेले अकादेमिया आणि स्काल्झी. बसमधून उतरून आगगाडी पकडायची तर स्काल्झीचा वळसा घ्यावा लागे. नव्या पुलाने तो वाचला. स्थानिक विरोधकांचं म्हणणं असं की वळसा वाचला तो मुख्यतः पर्यटकांचा. यातही तथ्य होतं. जुन्या व्हेनिसची वस्ती १९५१ मध्ये पावणेदोन लाखांच्या घरात होती, ती २०२२ मध्ये पन्नास हजारांच्या खाली गेली. शहर रिकामं होत असताना कोणासाठी काय बांधतो आहोत, हा प्रश्न तिथे कोणत्याही बांधकामाच्या आधी उभा राहतोच.

पण जास्तीत जास्त शाई खर्च झाली ती रूपावर. लाल पोलादाची कमान, काचेच्या पायऱ्या, काचेचे कठडे, रात्री खालून उजळणारा मार्ग. हे सगळं विटांच्या आणि पांढऱ्या दगडाच्या शहरात शोभतं का? विरोधक म्हणाले, हा परग्रहावरचा प्राणी आहे. समर्थकांनी अशा वेळी नेहमी बाहेर येणारा पुरावा काढला: आयफेल टॉवर. १८८७ मध्ये पॅरिसच्या लेखक-कलावंतांनी त्या टॉवरविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढलं होतं. त्यावर मोपासाँची सही होती, ऑपेराचं सभागृह बांधणाऱ्या गार्निएचीही होती. आज पॅरिस त्या टॉवरशिवाय डोळ्यांसमोर येत नाही. तेव्हा नव्या वास्तूला शिव्या घालणाऱ्यांनो, थोडा धीर धरा.

हा युक्तिवाद मला कायम अर्धवट वाटत आला आहे. निषेध झाला आणि वास्तू पुढे लाडकी ठरली, अशीच उदाहरणं आपल्या लक्षात राहतात. निषेध झाला, तो खरा ठरला आणि वास्तू पाडली किंवा लोक तिला टाळू लागले, अशा वास्तूंच्या चित्रांची पोस्टकार्डं निघत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आयफेलवरचा आक्षेप डोळ्यांचा होता. डोळे सरावतात. खुद्द व्हेनिसचा रिआल्तो घ्या. पल्लादिओसारख्या श्रेष्ठाचा आराखडा बाजूला पडला आणि आन्तोनिओ दा पोन्तेची एकच कमान मंजूर झाली, तेव्हा स्कामोत्सी या नामांकित वास्तुविशारदाने ती टिकणार नाही असं भाकीत केलं होतं. आज चारशेहून अधिक वर्षं ती उभी आहे. तिच्या जागी पूर्वी जे लाकडी पूल होते, त्यांतला एक १४४४ मध्ये मिरवणूक पाहायला जमलेल्या गर्दीखाली कोसळला होता. रूपाबद्दलच्या तक्रारी काळ पुसून टाकतो, याला माझी ना नाही. मात्र निसरड्या पायरीची तक्रार काळ पुसत नाही. चाळीस वर्षांनीसुद्धा ओल्या काचेवरून पाय तितकाच घसरतो.

आणि पाय घसरू लागले. पावसात, धुक्यात, हिवाळ्याच्या दवात काचेच्या पायऱ्यांवरून माणसं पडली. कोणाचे हात मोडले, कोणी डोकं फोडून घेतलं, अनेकांनी महापालिकेवर भरपाईचे दावे लावले. यात काचेइतकाच दोष कमानीच्या आकाराचा होता. कमान अतिशय पसरट. तिच्यावरच्या पायऱ्या उतार बदलेल तशा लांब-आखूड होत जातात. चालताना पायाची एक लय ठरलेली असते. आपण पायरी मोजत नाही, पाय मोजतो. मध्येच माप बदललं की ठेच लागते, त्यातून काच पारदर्शक असली तर पायरीची कड कुठे संपते हेही नीट कळत नाही. चाकाच्या बॅगांचा त्रास वेगळाच. आगगाडीतून उतरलेला जो तो आपली बॅग पायरीपायरीवर आपटत नेतो आणि काचेच्या कडा फुटतात. पसरट कमान काठावर आडवा रेटाही जास्त देते. व्हेनिसच्या मऊ जमिनीत त्यासाठी काठ भक्कम करावे लागले. सुमारे ७० लाख युरोंचा अंदाज १ कोटी १० लाखांच्या वर गेला.

हे आधी कळण्याजोगं नव्हतं का? कालात्रावा यांनीच स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात नेर्व्हिऑन नदीवर बांधलेला सुबिसुरी हा पादचारी पूल १९९७ मध्ये खुला झाला होता. त्याचीही जमीन काचेची. बिल्बाओत पाऊस भरपूर. लोक घसरून पडू लागले, आणि अखेर त्या नाजूक काचेवर महापालिकेने काळ्या रबरी पट्ट्यांसारखं खडबडीत जाजम अंथरलं. व्हेनिसने कालात्रावा यांना काम दिलं ते १९९९ मध्ये, म्हणजे बिल्बाओतला अनुभव ताजा असताना.

बिल्बाओचं पुढचं प्रकरण या वादाच्या मुळाशी नेतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. सुबिसुरी पलीकडच्या उंच वस्तीला नीट जोडला जात नव्हता. २००७ च्या सुमारास जपानी वास्तुविशारद आराता इसोझाकी यांच्या इमारतींपर्यंत जाणारी एक वाट त्याला जोडली गेली, आणि त्यासाठी कठड्याचा काही भाग कापण्यात आला. कालात्रावा न्यायालयात गेले: माझ्या कलाकृतीची मोडतोड झाली. खालच्या न्यायालयाने लोकहित श्रेष्ठ ठरवून दावा फेटाळला. वरच्या न्यायालयाने २००९ मध्ये त्यांना ३० हजार युरो देवविले. मागणी यापेक्षा कित्येक पटींनी मोठी होती. मला खालच्या न्यायालयाचा निकाल जास्त शहाणा वाटतो. चित्राचा कोपरा कापू नये, हे ठीक. पण पूल हा रोज वापरायचा रस्ता आहे. शहर बदलतं, वाटा बदलतात, म्हातारी माणसं वाढतात. पुलाच्या कठड्याला हात लावायचा तर आधी कलावंताची संमती आणा म्हणणं म्हणजे रस्ता चित्राच्या चौकटीत बसवणं. ज्याला आपल्या रेषेत बदल नको असेल, त्याने पूल बांधण्याचं काम घेऊ नये.

व्हेनिसमध्ये अपंगांच्या प्रश्नावर मात्र एक वेगळंच, अगदी सुसंस्कृत वाटणारं उत्तर दिलं गेलं. व्हेनिसमध्ये चारशेहून अधिक पूल आहेत, बहुतेकांना पायऱ्या आहेत, मग या एकालाच का धरता? शिवाय दोन्ही काठांवर व्हापोरेत्तो ही प्रवासी बोट थांबते, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाने त्या बोटीतून जावं. पण जुन्या पुलांना पायऱ्या आल्या, याचं कारण खालून होड्या जायच्या, कमान उंच हवी आणि गल्ली अरुंद. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या गवंड्याला आपण चाकाच्या खुर्चीचा जाब विचारत नाही. २००८ च्या पुलाला विचारतो. इटलीत सार्वजनिक जागांमधले असे अडथळे टाळण्याचे नियम १९९६ मध्येच झाले होते. अपंगांच्या संघटना हा मुद्दा उद्घाटनाच्या कितीतरी आधीपासून मांडत होत्या. तो प्रश्न विचारला गेला नव्हता असं नाही. रूपाच्या चर्चेत तो कोणाला दिसला नाही, इतकंच.

मग ठिगळ लावलं गेलं. पुलाच्या बाजूने सरकणारी अंड्याच्या आकाराची एक लाल डबी, तिचं नाव ओवोविया. खर्च दहा लाख युरोंहून जास्त. ती चालू व्हायला २०१३ उजाडलं. ती सावकाश सरके, उन्हाळ्यात आत तापे, वरचेवर बंद पडे, आणि बसणाऱ्याला ती प्रदर्शनात मांडलेल्या वस्तूसारखी फिरवून आणे. २०२० मध्ये काढून टाकली. सुरुवातीच्या आराखड्यात लिफ्टची जागा सोडली असती तर कमानीची रेषा थोडी बिघडली असती, पण इतका पैसा वाया गेला नसता आणि इतका अपमानही झाला नसता.

या साऱ्यात एक गोष्ट मला खरोखर आदर्श वाटते. इटलीत सरकारी पैशाच्या नुकसानीची जबाबदारी ठरवणारं स्वतंत्र लेखा न्यायालय आहे. पुलाचं प्रकरण तिथे गेलं. पहिल्या फेरीत कालात्रावा सुटले. अपिलात २०१९ मध्ये त्यांना ढोबळ निष्काळजीपणासाठी दोषी धरून सुमारे ७८ हजार युरो भरायला सांगण्यात आलं. न्यायालयाचा रोख सरळ होता: या जागेवरून बॅगा ओढणारे असंख्य लोक जाणार, हे इतक्या अनुभवी माणसाला आधी दिसायला हवं होतं. पुलाच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. तत्त्व किरकोळ नाही. नाव जितकं मोठं तितकी सूट जास्त, असा जो रिवाज जगभर आहे, तो या निकालाने उलटा केला.

लंडनमध्ये वाद निदान बांधकामाआधी तरी झाला. थेम्सवर झाडाझुडपांनी भरलेला गार्डन ब्रिज बांधायचा होता. थॉमस हेदरविक यांचं डिझाइन, बोरिस जॉन्सन महापौर असताना त्यांचा भक्कम पाठिंबा. पण हा ‘पूल’ रात्री बंद राहणार होता, आठ किंवा त्याहून जास्त माणसांच्या गटाने आधी कळवायचं होतं, आणि सायकल चालवायला बंदी. ज्यावरून जायला वेळापत्रक पाहावं लागतं, त्याला बाग म्हणा, पूल कशाला म्हणायचं? २०१७ मध्ये तो रद्द झाला. तोवर वीटही न रचता सुमारे ५ कोटी ३० लाख पौंड खर्च झाले होते, त्यातले बरेचसे लोकांचे.

मराठी वाचकाला इथे मुंबई आठवणं साहजिक आहे. २००८ मध्येच, व्हेनिसच्या पुलाआधी काही महिने, वांद्रे पूर्वेला मुंबईचा पहिला स्कायवॉक खुला झाला, आणि पुढे महानगर प्रदेशात असे तीसहून अधिक उभे राहिले. त्यांची काही चर्चा झाली, पण मूळ गृहीतक कोणी फारसं तपासलं नाही: खालचा रस्ता गाड्यांचा, चालणाऱ्याने जिने चढावेत. गुडघे दुखणारी आजी, डोक्यावर पाटी घेतलेली मासेवाली, पाठीवर दप्तर असलेलं पोर या हिशेबात नव्हतेच. वांद्र्याचा तो स्कायवॉक पुढे असुरक्षित ठरून बंद करावा लागला. एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलाबद्दल प्रवासी किती वर्षं तक्रारी करत होते! २९ सप्टेंबर २०१७ च्या सकाळी तिथल्या चेंगराचेंगरीत २३ माणसं गेल्यावर लष्कराला बोलावून नवा पूल बांधला गेला. देखण्या पुलावर अग्रलेख येतात. कुरूप पुलाची तक्रार स्टेशन मास्तरच्या वहीत पडून राहते. व्हेनिसचा वाद मला हेव्याचा वाटतो तो यासाठी: त्या वादाचं रूप चुकलं असेल, पण तो चौदा-पंधरा वर्षं चालला, न्यायालयात गेला, आणि शेवटी काचेच्या जागी दगड बसवायला लावून थांबला.

कारण दगड खरंच आले. आधी खरखरीत पट्ट्या आणि रेझिनचे लेप लावून पाहिले, ते टिकले नाहीत. मग काही काचा काढून त्या जागी ट्रॅकाइट बसवला. पादुआजवळच्या टेकड्यांतला हा करडा दगड व्हेनिसच्या गल्ल्यांत शतकानुशतकं अंथरलेला आहे, आणि ओला झाला तरी पाय धरून ठेवतो. उरलेल्या काचा बदलण्यासाठी महापालिकेने २०२२ च्या सुमारास आणखी पाच लाख युरो बाजूला काढले. दंडाच्या सहापट. ते व्हेनिसकरांनी भरले.

आपल्या शहरातल्या एखाद्या नव्या पुलाचं रंगीत चित्र वर्तमानपत्रात आलं, तर तो शोभतो की नाही यावर भांडायला हरकत नाही. पण हरकती-सूचनांची मुदत संपायच्या आत एक अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या: पावसात पायरी कशाची असेल, चाकाची खुर्ची कुठून वर जाईल, लिफ्ट बंद पडली तर दुरुस्ती किती तासांत आणि कोणाच्या पैशाने होईल. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात विचारा. चित्र काढणाऱ्याचं नाव कितीही मोठं असलं तरी हे विचारायचं राहू देऊ नका.