कुठनं वाचणार?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहणारे पेंटर आजोबा बोर्ड रंगवायला घेण्याआधी एक विचित्र काम करायचे. दुकानमालकाशी बोलणं झालं की रस्ता ओलांडून पलीकडं जायचे, बिडी पेटवायचे आणि ती संपेपर्यंत रिकाम्या पत्र्याकडं बघत उभे राहायचे. मग चार पावलं पुढं, चार मागं. एकदा एका लॉजचा बोर्ड लांबून कसा दिसेल हे बघायला ते एसटीच्या खिडकीत बसून गेले आणि पुढच्या थांब्यावर उतरून चालत परत आले. तिकीट स्वतःच्या खिशातलं. मालक वैतागायचा, "अहो, ब्रश कधी लावणार?" यांचा प्रश्न ठरलेला, "गिऱ्हाईक कुठनं वाचणार? चालत येणारं का गाडीवरनं जाणारं?"

कोल्हापुरात पेंटर हे आडनावच होऊन बसतं. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री, हे आज किती जणांना आठवतं? आमच्या आजोबांचं खरं आडनाव मीसुद्धा त्यांच्या रेशनकार्डावरच पहिल्यांदा वाचलं.

मग फ्लेक्स आला. सकाळी ऑर्डर, संध्याकाळी बोर्ड, दर चौरस फुटावर. तेव्हा आजोबांनी एक चूक केली आणि ती त्यांनी पुढं कधी लपवली नाही. फ्लेक्सवाल्याच्या दराखाली उतरून त्यांनी दोन वर्षं बोर्ड रंगवले. "मशीनबरोबर पळाया गेलो," ते सांगायचे. "मशीन काय दमत न्हाई. मीच दमलो."

माझी भाची ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आली होती. पण ऐकलेल्या गोष्टी आपल्यावर वेळ आली की आठवत नाहीत, हा आमच्या घराण्याचा गुण आहे.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये बी.कॉम. होऊन घरी बसलेल्या या पोरीनं यूट्यूबवर बघून डिझाइन शिकलं, जुना लॅपटॉप घेतला आणि इन्स्टाग्रामवर दुकान थाटलं. घरबसल्या धंदा. या शब्दातल्या 'बसल्या'वर माझा पहिल्यापासून राग आहे, पण मामाला कोण विचारतो? सुरुवातीला वाढदिवसाचे बॅनर, गणपतीच्या शुभेच्छा, अकॅडमीच्या जाहिराती. लोगो फक्त ९९ रुपयांत, हवे तितके बदल मोफत. आठवड्याभरात इचलकरंजीच्या एका पोरानं ७९ लावले. हिनं ६९. त्यानं ४९. रात्री साडेअकराला मेसेज यायचे, 'ताई, जरा मोठं करा', 'ताई, मगाचंच बरं होतं'. एका लोगोला सतरा वेळा बदल झाले आणि शेवटी गिऱ्हाईक म्हणालं, "राहू दे, भाऊ मोबाइलवर करून देतोय."

या घाईत साचे वापरणं आलंच. तयार टेम्प्लेट उघडायचं, नाव बदलायचं, रंग फिरवायचा, पाठवायचं. एके दिवशी राजारामपुरीतल्या पार्लरवालीचा फोन आला. तिच्या पाटीवरचं सोनेरी कमळ एका अगरबत्तीच्या पुड्यावर होतं. तेच कमळ, तीच पाकळी. भाचीनं फसवलं नव्हतं. साचा सगळ्यांसाठीच उघडा असतो, आणि असल्या चित्रावर ट्रेडमार्क मिळवायला जाऊ नका, असं साचे देणाऱ्या साइट्सच्या नियमांतच लिहिलेलं असतं. ते नियम वाचणारा माणूस मात्र मला अजून भेटायचा आहे.

पडत धडपडत तांत्रिक गोष्टी ती पक्क्या शिकली. पहिल्या व्हिजिटिंग कार्डाच्या वेळी छापखान्यात तिचा फाँट नव्हता, तर वेलांट्या आपापली अक्षरं सोडून पळाल्या. तेव्हापासून अक्षरं कर्व्ह केल्याशिवाय ती फाइल पाठवत नाही. पडद्यावरचा झगझगीत पोपटी कागदावर शेवाळी उतरतो म्हणून रंग सीएमवायकेत. तीनशे डीपीआय. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड. छापखानेवाला म्हणायचा, "या पोरीची फाइल आली की डोळं झाकून प्लेट काढायची."

डोळे झाकूनच काढली, तिथं घोटाळा झाला.

आजऱ्याच्या एका काकूंनी घनसाळ तांदूळ ऑनलाइन विकायचं ठरवलं होतं. एक किलोची पिशवी, वर छापील डिझाइन. बोलणं सगळं व्हॉट्सॲपवर. भाचीनं एका रात्रीत पिशवी केली: निळंशार आकाश, हिरवं शेत आणि मधोमध वाडग्यात वाफाळणारा पांढराशुभ्र भात. काकूंनी मोबाइलवर बघून अंगठा दाखवला. हजार पिशव्या छापून गेल्या. चौथ्या दिवशी फोन.

"पोरी, ह्यो कुणाचा तांदूळ हाय?"

वाडग्यातला दाणा लांबसडक होता. बासमती. घनसाळ आखूड दाण्याचा असतो. त्याची सगळी ऐट वासात. आजऱ्याच्या नावानं त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि त्या नावाखाली आमची भाची बासमती विकायला निघाली होती. काकूंनी पहिली पिशवी पुण्यातल्या नणंदेला पाठवली, तर नणंद म्हणाली, दुसऱ्याचा माल भरून विकायला लागलीस का गं? शिवाय एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर भाताच्या वाफेवर पांढऱ्यात छापला होता. तो वाचायला इन्स्पेक्टर नव्हे, घारच हवी.

त्या संध्याकाळी पेंटर आजोबा आमच्याकडं चहाला आले होते. आता त्यांचा हात थरथरतो, बशी टेबलावर ठेवूनच पितात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तांदूळ बघितलाईस?"

"फोटो बघितला, आजोबा."

"कच्चा का शिजलेला?"

ती गप्प.

"आनि पैसं किती घेतलंस?"

तिनं आकडा सांगितला. आजोबा हसले नाहीत. "मग बरोबर हाय," म्हणाले. "एवढ्या पैशात कोन आजऱ्याला जातंय?"

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं आजऱ्याला गेली. नव्या छपाईचे पैसे आपण देणार, हे सांगायला गेली होती. राहिली दोन दिवस. काकूंच्या स्वयंपाकघरात पातेल्यावरचं झाकण काढलं तेव्हा वास ओसरीपर्यंत आला, असं ती मला तीनतीनदा सांगत होती. तिनं वही काढून विचारायला सुरुवात केली. हा तांदूळ घेतं कोण? तर बहुतेक आजरा-चंदगडकडून पुण्या-मुंबईला गेलेली माणसं. ओळखतात कशावरून? काकूंनी उत्तर द्यायच्या ऐवजी तिच्या ओंजळीत मूठभर तांदूळ ओतला.

तिनं तिथंच बसून तीन चित्रं काढली. शेत, भाताची लोंबी, उखळ. काकू बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "चित्र कशाला गं? एक खिडकी ठिव की. तांदूळच दिसू दे."

मला वाटलं होतं, परत येऊन ती म्हणेल, मग मी कशाला हवी? पण तिला त्या खिडकीनं पंधरा दिवस कामाला लावलं. खिडकी मधोमध ठेवली तर पिशवी उभी केल्यावर तांदूळ खाली बसतो आणि वर नुसती हवा दिसते. म्हणून ती खाली घेतली. 'घनसाळ' एवढाच शब्द मोठा, त्यातला ळ मराठी वळणाचा, गाठ ठसठशीत. वजन, किंमत, पॅकिंगची तारीख आणि परवान्याचा नंबर मागच्या बाजूला, पांढऱ्यावर काळ्यात. नमुन्याची पिशवी तिनं आमच्या किराणावाल्याच्या फळीवर इतर तांदळांत ठेवली, रस्ता ओलांडला आणि समोर उभी राहिली. आजोबा आपल्या दारातून बघत होते. काही बोलले नाहीत.

हजार पिशव्यांचे पैसे फेडायला तिला चार महिने लागले. त्यानंतर तिनं पानावरची स्वस्त लोगोची पाटी काढून टाकली. निम्मे ॲडव्हान्स, बदल तीनदा, रात्री नऊनंतर उत्तर नाही. गिऱ्हाइकं धडाधड गळाली. इचलकरंजीच्या पोराकडं गेली असतील. बहीण घाबरून मला फोन करत होती, "तू तरी समजाव तिला." मी कशाला समजावू? ऑर्डरच्या फॉर्ममध्ये आता तिनं पहिला प्रश्न टाकलाय: हे कुठून वाचलं जाणार? निम्मे लोक उत्तर देतात, 'मोबाइलवरून'. त्यांना ती फोन करून परत विचारते.

परवा, गळीत हंगामाच्या तोंडावर, एका ट्रॅक्टरवाल्याचा फॉर्म आला. उसाच्या ट्रॉलीमागं लावायला बोर्ड हवाय. 'कुठून वाचलं जाणार?' पुढं त्यानं लिहिलं होतं, 'मागनं मोटारसायकलवर येनारा. रात्री. रस्त्यावर दिवे न्हाईत.'

रात्री दहाला ती माझ्या दारात उभी. हातात चार वेगवेगळ्या अक्षरांचे कागद, चिकटपट्टी आणि रेडियमचा तुकडा.

"मामा, गाडी काढ. ट्रॉली शिरोलीला उभी आहे. आणि लाइट डिपरवरच ठेव, अप्पर मारू नकोस."