आडनाव सांगायचं की नाही

दिवाळीच्या सुट्टीत नंदुरबारच्या आपल्या वस्तीतली पोरं-पोरी मुंबईला न्यायची ठरलीत. चैत्यभूमी, राजगृह, परळची बीआयटी चाळ दाखवायची. पैशांचं जमतंय. वाद पडला तो भलत्याच गोष्टीवर. बैठकीत एक कार्यकर्ता म्हणाला, "पोरांना बजावून ठेवा. कुणी विचारलं तर नुसतं गाव सांगा, आडनाव नको. परक्या शहरात आपल्याला कुणी ओळखत नाही, तेवढाच फायदा." चारपाच माना डोलल्या. माझी डोलली नाही.

परक्या शहरात मोकळं वाटतं हे खरंच. गावातल्या चहावाल्याला आपला आजा-पणजा ठाऊक असतो, शहरातला फक्त सुट्टे पैसे मागतो. पण त्याला ठाऊक नाही म्हणून तो नीट वागतो, याला समता म्हणायचं? त्याच्यात काय बदललं?

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपला सुट्टीतला प्रवास लिहून ठेवलाय. साल १९०१, उन्हाळ्याची सुट्टी. साताऱ्याहून भाऊ-भाच्यासोबत वडिलांकडे निघालेले. मसूर स्टेशनात उतरले तर न्यायला कुणीच नाही. अंगावर नवे कपडे, म्हणून स्टेशनमास्तरला वाटलं, बामणाची पोरं. तोवर आपुलकी. मग त्याने विचारलं आणि लहानग्या भीमाने सांगून टाकलं, महार. मास्तरचा चेहराच पालटला. गाडीवाले दुप्पट भाड्यालाही तयार होईनात. शेवटी दुप्पट पैसे देऊन गाडी पोरांनीच हाकायची न्‌ गाडीवाल्याने बाजूने चालायचं, असं ठरलं. रात्री टोलनाक्यावर पाणी मागायची वेळ आली तेव्हा सल्ला मिळाला, मुसलमान आहोत म्हणा. भीमा उर्दूत बोलला. नाकेदाराने तरी पाणी दिलं नाही.

खरं सांगितलं तेव्हा निदान गाडी मिळाली. लपवलं तेव्हा थेंबही नाही.

तहानेल्या पोराने काय म्हणावं याचा निवाडा मी करणार नाही. कुणी करूही नये. पण चळवळीने बैठक घेऊन, चहा पीत, पोरांना लपवायचं शिकवणं ही निराळी गोष्ट आहे.

पुढे १९१७ साली बडोद्यात, परदेशात शिकून आलेल्या त्याच माणसाला पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन लोक आले. आपली सहल चार दिवसांची. अकरावा दिवस सहलीत येत नाही म्हणून लपवणं सोपं वाटतं. हीच पोरं उद्या सुरतेला, मुंबईला कामाला जातील, भाड्याने खोली मागतील, तेव्हा काय सांगतील?

आणि मुंबई अनोळखी कुणाला? मी गिरणीत राबतो म्हणून हे जास्त बोचतं. तिथल्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. पगार तिथेच बरा. कारण काय, तर धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढावा लागे, न्‌ बाटलेला धोटा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. एवढ्या मोठ्या शहराला थुंकीची जात बरोब्बर कळत होती.

शिवाय लपणार तरी काय? आपल्याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २०१० साली देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. त्यावर जात नाही. आडनाव आहे, आणि धर्मशाळेचा मुनीम तेवढंच वाचतो.

त्या कार्यकर्त्याचं एक म्हणणं मात्र मला मान्य आहे. रात्री बारा वाजता लेकरं रस्त्यावर आली तर जबाबदार कोण? भांडण लेकरांच्या तोंडून लढवायचं नाही, हे बरोबर. मग सोबतच्या मोठ्यांनी पुढं व्हावं. उत्तर त्यांनी द्यावं, भांडणही त्यांनीच निस्तरावं. लेकराला ढाल करू नये, तसं खोटंही पढवू नये.

अजून एक. धडगावकडची दोन पावरा पोरं आपल्यासोबत येताहेत. बैठकीतच कुणी म्हणालं, त्यांना गाडीत कमी बोलायला सांगा, लोक हसतील त्यांच्या बोलीला. अरे, मसूरचा मास्तर आपल्यातच बसलाय की! ती पोरं बोलतील. आपल्या पोरांनी त्यांच्याकडून चार शब्द शिकावेत, प्रवास रात्रभराचा आहे.

जायच्या आधी मसूरची हकीकत पोरांना वाचून दाखवायचं काम मी घेतलंय. धर्मशाळेच्या वहीत नावं लिहायचंही. सगळी नावं, आडनावासकट, माझं सगळ्यांत वर.