करवत कोणती घ्यावी?

आमच्या घराण्यात हत्यार म्हणून अडकित्त्याच्या पुढे कुणी गेलेलं नाही. त्यामुळे चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी ती साखळीची करवत, विकत घ्यायचं मी बोलून दाखवलं तेव्हा सौभाग्यवतींनी आधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

निमित्त अंगणातल्या आंब्याचं. 1974 साली गंगापूर रोडला हे घर बांधलं, तेव्हा आईनं खाऊन टाकलेली कोय तिथं रुजली. आता त्या झाडानं फाटकापासून न्हाणीपर्यंत सगळी जागा व्यापली आहे. चिरंजिवांनी मोटार घेतली आणि ती ठेवायला जागा उरली नाही. "बाबा, झाड काढून टाकू या," तो म्हणाला. काढून टाकू या! जसं काही भिंतीवरचं जुनं कॅलेंडर. मी "बघू" म्हणालो. आमच्यासारख्या माणसाच्या तोंडून 'बघू' आलं की समजावं, गृहस्थाला हो म्हणवत नाही आणि नाही म्हणायची छाती नाही.

मग तोडणाऱ्यानं सांगितलेला आकडा ऐकला आणि त्यापेक्षा मशीनच घ्यावं असं ठरलं. इथून माझं खरं 'बघणं' सुरू झालं.

शेजारचे अण्णा जर्मन पक्षाचे. "स्टिल घ्या हो! 1926 सालची स्टुटगार्टची कंपनी. डोळे झाकून घ्या." ही वस्तू निदान डोळे झाकून हाताळू नये, एवढं मला कळत होतं. आमचे मेहुणे स्वीडनचे कैवारी. "भावजी, घ्यायची तर हस्कवर्ना. 1689 पासूनची कंपनी आहे!" म्हणजे इकडे मोगलांनी रायगडाला वेढा घातला त्या सालची. मी हबकलोच. अण्णांनी मात्र चष्मा पुसून विचारलं, "अन् पहिली चेनसॉ कधी काढली त्यांनी?" "1959 साली," मेहुणे जरा खालच्या आवाजात म्हणाले. "मग आधी काय करत होते?" "सुरुवातीला बंदुका." "तरीच!" अण्णा म्हणाले. या 'तरीच'चा अर्थ मला अजून लागलेला नाही, पण मेहुणे त्या दिवशी चहा न घेता गेले. गंमत म्हणजे दोन्ही मशिनांचा रंग नारिंगी. लांबून पाहणाऱ्याला भांडण कशावरून हेच कळू नये.

मी वही घातली. वजन, सीसी, पट्टीची लांबी, पेट्रोलमध्ये किती ऑइल मिसळायचं, सुटे भाग कुठं मिळतात, असे रकाने आखले. मुलीचं लग्न ठरवताना मी इतकी चौकशी केली नव्हती. ज्ञानात भरही पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस दोन स्कॉटिश डॉक्टरांनी साखळीची एक बारीक करवत बनवली होती, ती हाड कापायला, त्यातही अडलेल्या बाळंतिणीला सोडवायला. म्हणजे हिची खापरपणजी चक्क सुईण! हे मी सर्वांना सांगत सुटलो. झाडाबद्दल कुणाशीच बोललो नाही.

अशात 2025 चा नोव्हेंबर उजाडला. 2027 च्या सिंहस्थातल्या साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडायची, यावरून गावात वाद पेटला. मीही गेलो. 'झाडे वाचवा' म्हणून घसा बसेपर्यंत ओरडलो. परत येताना वाटेवरच दिंडोरी नाका. तिथं शेतीच्या अवजारांचं दुकान उघडं दिसलं, म्हणून आत शिरून बसक्या आवाजात दोन्ही मशिनांची माहितीपत्रकं मागितली. "पट्टी सोळा इंची दाखवू की अठरा? कापायचंय काय?" दुकानदारानं विचारलं. मी म्हणालो, "किरकोळ."

त्या रात्री मी वही घेऊन बसलो होतो. सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, "ठरलं का?"

"जवळजवळ. जर्मन."

"करवतीचं नाही विचारलं. झाडाचं ठरलं का?"

मी वहीची पानं उलटून पाहिली. सगळे रकाने भरलेले होते, आणि झाडाचा रकानाच नव्हता.

तेव्हापासून एक गोष्ट मला खाते आहे. 'कुठलं घ्यावं' हा प्रश्न फार सोयीचा. त्याला आकडे असतात, सल्लागार असतात, आणि त्यावर दोन महिने डोकं शिणवलं की आपण फार विचारी माणूस आहोत असं वाटायला लागतं. 'करावं का' या प्रश्नाला माहितीपत्रक नसतं. तो आपल्याला एकट्यालाच सोडवावा लागतो, म्हणून आपण त्याच्या अंगावर दुसऱ्या प्रश्नाची गोधडी टाकतो. लबाडी अशी की पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप 'हो' होऊन बसतं. एवढं महागाचं जर्मन मशीन आणल्यावर ते काय दसऱ्याला पुजायचं?

पोराचंही अगदीच चूक नाही. रात्रभर मोटार रस्त्यावर, तिच्यावर मोहोराचा चिकटा, आणि झाड त्याच्या आजीनं नव्हे, आजीच्या विसराळूपणानं लावलेलं. शेवटी त्याला समोर बसवून म्हटलं, "मला तोडवत नाही. कारण विचारू नकोस, सांगता येणार नाही." मग कारण कायद्यानं पुरवलं. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, आणि 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड वारसा वृक्ष ठरतं. तोडलंच तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. पन्नासच्या वर रोपं! मोटार राहू द्या, आम्हालाच घराबाहेर झोपावं लागलं असतं. पोरगा हसला, पण पुरता नाही. मोटार अजून रस्त्यावरच आहे आणि तिच्यावर काही पडलं की तो माझ्याकडे बघतो.

यंदा आंबे उतरवले. अढी घालताना पेंढ्याखाली दोन्ही माहितीपत्रकं अंथरली. जर्मन बाजूचे आंबे आधी पिकले, असं अण्णांचं म्हणणं आहे. मेहुण्यांना ते मान्य नाही.