झीज भरून काढण्याचा धर्म

सदनिकाधारकाची मालकी चार भिंतींत संपत असली, तरी त्याचे जगणे जिना, लिफ्ट, गच्ची आणि पाण्याची टाकी यांवर अवलंबून असते. म्हणूनच दरमहा येणारे देखभाल खर्चाचे बिल हा केवळ हिशेबाचा नव्हे, तर धर्माचाही प्रश्न ठरतो. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे इमारतीची पुनर्बांधणी किंवा मोठी दुरुस्ती यांसाठी राखलेल्या निधीत, जमा होणे अपेक्षित असते. या वर्गणीवर सर्वसाधारण सभेत हमखास घेतला जाणारा आक्षेप असा, की तोवर आपण येथे राहणारच नसू, तर पैसे का भरावेत?

विनोबा भावे यांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीताप्रवचनांत या आक्षेपाचे उत्तर सापडते. उपभोगामुळे सृष्टीची जी झीज होते ती भरून काढणे म्हणजे यज्ञ, असा अर्थ त्यांनी मांडला. इमारतीलाही हाच न्याय लागू होतो, कारण गच्चीतून झिरपणारे पाणी आणि गंजणारी सळई ही आजच्याच वापराची व दुर्लक्षाची फळे असतात, मग त्यांचा खर्च उद्याच्या रहिवाशावर का पडावा? वर्गणी टाळणारा सभासद पैसे वाचवत नसतो. तो आपले ऋण अनोळखी माणसाच्या माथी मारत असतो. उलट, ज्या दुरुस्तीचा लाभ आपल्याला मिळणार नाही तिच्यासाठी वेळेवर पैसे भरणे, हा निष्काम कर्माचा गृहस्थाला सहज साधणारा आचार होय.